बदलीवाले

वयाच्या सत्तरीत माणसाने नवा खेळ शिकायला घेऊ नये, असे आमच्या सौ.चे मत आहे. गुडघे ऐकत नाहीत आणि नियम डोक्यात राहत नाहीत. पण २०२५ सालच्या उन्हाळ्यात आम्ही दोघे मुलीकडे अमेरिकेला गेलो आणि मला बेसबॉल शिकणे भाग पडले. खेळण्यासाठी नव्हे हो, नातवाशी बोलण्यासाठी! आमचा अमोघ अकरा वर्षांचा. मराठी बोलतो, पण त्याचे मराठी जेवण, आंघोळ आणि अभ्यास या तीन विषयांच्या पलीकडे जात नाही. चौथा विषय निघाला की स्वारी इंग्रजीत शिरते. आणि तो चौथा विषय म्हणजे बॉस्टनचा रेड सॉक्स संघ. त्याने मराठीत यावे म्हणून वाट पाहत बसण्यापेक्षा आपणच बेसबॉलमध्ये शिरावे, असे मी ठरवले.

मुलीचे बिऱ्हाड श्रूजबरी या गावी आहे. पूर्वेला बॉस्टन मोटारीने तासाभरावर, आणि पश्चिमेला अगदी शेजारी वुस्टर. या दोन्ही गावांचा पुढच्या हकिगतीशी संबंध आहे, म्हणून आधीच सांगून ठेवतो.

पहिला सामना पाहिला तो बॉस्टनच्या फेनवे पार्कात. हे मैदान १९१२ सालचे. डाव्या अंगाला ३७ फूट उंचीची हिरवी भिंत आहे आणि तिचा बॉस्टनकरांना फार अभिमान. सहाव्या डावापर्यंत आमचा पिचर सुरेख टाकत होता. एवढ्यात मॅनेजर शांतपणे चालत आला, त्याने पिचरच्या हातातला चेंडू काढून घेतला आणि त्याला घरी पाठवले.

मी म्हटले, "अरे, चांगला टाकतोय की! जरा विसावा देऊन पुन्हा आणील म्हणा."

"नाही आजोबा," अमोघ म्हणाला, "एकदा काढला की तो परत येत नाही. नेव्हर."

माझ्यासारख्या क्रिकेटवर वाढलेल्या माणसाला हे पचणे कठीण. बापू नाडकर्णींनी १९६४ साली मद्रासला इंग्लंडविरुद्ध ३२ षटके टाकली, त्यांतली २७ निर्धाव, आणि धावा दिल्या अवघ्या ५. आपल्या खेळात कप्तान अशा माणसाला एका टोकाकडून काढतो, दुसऱ्या टोकाकडून आणतो, चहापानानंतर पुन्हा बोलावतो. बेसबॉलमध्ये ती सोय नाही. मैदानातून उठलेला गडी त्या दिवसापुरता संपला. प्रत्येक संघाने नऊ डावांत मिळून समोरचे २७ गडी बाद करायचे, आणि हाताशी असलेले प्रत्येक माणूस एकदाच वापरायचे. म्हणून या खेळात खरी परीक्षा होते ती मॅनेजरची. कोणाला केव्हा उठवायचे आणि कोणाला केव्हा राखून ठेवायचे, एवढेच त्याचे काम. पण त्यात सारे आले.

संघाच्या पटावर एका वेळी २६ माणसे असतात. त्यांत पिचर जास्तीत जास्त १३. साधारणपणे पाचजण सामन्याची सुरुवात करणारे. ते आळीपाळीने येतात. उरलेले आठजण राखीव. ते बसतात बुलपेनमध्ये. बुलपेन म्हणजे शब्दशः बैलांचा कोंडवाडा. मैदानाच्या कडेला कुंपण घातलेले आवार असते, तिथे एक टेलिफोन असतो. फोन वाजला की त्यातला एखादा उठतो, हात गरम करायला चेंडू फेकू लागतो. पुष्कळदा फोन पुन्हा वाजतो: नको, बसा. तो बसतो. धावफलकाच्या वहीत त्याच्या नावावर त्या दिवशी काहीही लागत नाही. खांद्यावर मात्र सगळे लागते.

हे माझ्या मनात घर करून राहिले. का, ते पुढे सांगतो.

हळूहळू मी जाणकारासारखा बोलू लागलो. जावईबापूंनी मला जुन्या सामन्यांच्या चित्रफिती दाखवल्या, आणि राखीव पिचर हा प्रकार काय आहे याचा थोडा इतिहास माझ्या पदरी पडला. पूर्वी ही भानगड नव्हती. १८७९ साली विल व्हाइट नावाच्या पिचरने ७५ सामने एकहाती, आरंभापासून शेवटपर्यंत टाकले. आज असे कोणी करू म्हटले तर डॉक्टर त्याला धरून ठेवतील. चेंडू आता पूर्वीपेक्षा फार वेगाने फेकतात, आणि कोपरातला सांधा काही पूर्वीपेक्षा बळकट झालेला नाही. १९७४ साली लॉस एंजेलिसच्या डॉजर्स संघातल्या टॉमी जॉन या पिचरच्या कोपरातला स्नायुबंध तुटला. डॉ. फ्रँक जोब यांनी त्याच्याच दुसऱ्या हाताच्या मनगटाजवळची शीर काढून तिथे बसवली. ती शस्त्रक्रिया आज त्या पिचरच्याच नावाने ओळखली जाते. गंमत अशी, की त्याच संघात त्याच वर्षी माइक मार्शल नावाचा राखीव पिचर १०६ सामन्यांत उतरला. एकाच बुलपेनशेजारी एकाचा हात तुटला आणि दुसऱ्याचा थकतच नव्हता! पण मार्शल एखादाच. बाकीच्यांना आज तीस-चाळीस चेंडू टाकायला लावले तर उद्या, कदाचित परवाही, ते उपयोगाचे नसतात. आणि सामने तर हंगामात १६२, बहुतेक रोजचे.

आता मुख्य प्रश्न. आठ राखीव माणसांतला सर्वांत चांगला कोणता, हे सगळ्यांना ठाऊक असते. त्याला केव्हा आणावे?

पुष्कळ वर्षे याचे ठराविक उत्तर होते: शेवटच्या, म्हणजे नवव्या डावात, आपण पुढे असू तेव्हा. याला कारण एक हिशेब. शिकागोचे क्रीडा-वार्ताहर जेरोम होल्ट्झमन यांनी राखीव पिचरांच्या कामाची नोंद व्हावी या सद्हेतूने 'सेव्ह' नावाचा आकडा काढला, आणि १९६९ साली तो अधिकृत झाला. आघाडी सांभाळून सामना संपवला की पिचरच्या नावावर एक सेव्ह. पण आकडा निघाला की माणसे खेळासाठी न खेळता आकड्यासाठी खेळू लागतात. शेवटच्या डावात तीन धावांची आघाडी असली तर सेव्ह मिळतो, म्हणून संघातला मोहरा तेव्हा आणायचा. वास्तविक तीन धावांनी पुढे असलेला संघ बहुधा जिंकतोच. तिथे कोणीही चालतो. आणि सातव्या डावात एका धावेचा फरक, तळांवर शत्रूचे दोन गडी आणि समोर त्यांचा सर्वांत खंदा फलंदाज, अशी कोंडी झाली की तिथे मात्र चौथ्या-पाचव्या दर्जाचा माणूस! का, तर मोहरा नवव्यासाठी राखलेला. तो नववा डाव येईपर्यंत सामना हातचा गेलेला असतो.

हे ऐकून मला आमच्या घरातल्या अनारशांचा डबा आठवला. आमच्याकडे दर दिवाळीला अनारसे होतात आणि 'कोणी आले तर' म्हणून वरच्या फळीवर जातात. कोणी येते, त्यांना चिवडा मिळतो. कारण 'आणखी कोणी आले तर'. शेवटी कार्तिकी एकादशीच्या सुमाराला डबा उतरतो, तेव्हा ते अनारसे फोडायला अडकित्ता लागतो. २०१६ साली बाल्टिमोरच्या संघाने नेमके हेच केले. त्यांच्या झॅक ब्रिटनला त्या हंगामात ४७ वेळा सामना राखायला दिला आणि त्याने ४७ही वेळा राखला. टोरांटोविरुद्धचा सामना असा, की हरलेल्याचा हंगाम तिथेच संपायचा. सामना बरोबरीत अकराव्या डावात गेला. मॅनेजर बक शोवॉल्टर ब्रिटनला आघाडी मिळेल तेव्हासाठी राखून बसले. आघाडी मिळालीच नाही. दुसऱ्याच पिचरच्या चेंडूवर एडविन एन्कार्नासिओनने होमरन मारला आणि ब्रिटन एकही चेंडू न टाकता सामान बांधून घरी गेला. अनारसे फळीवरच राहिले.

हे मी सौ.ला सांगितले. ती म्हणाली, "मग त्यांनी आधी वाटून टाकायचे होते का? आणि शेवटी खरंच कोणी आलं असतं म्हणजे?"

तिचेही खरे आहे. २००३ साली बॉस्टनने हंगामाच्या आरंभी ठराविक शेवटचा माणूस न ठेवण्याचा प्रयोग केला, आणि तो फसला. माणसे मुळात तेवढी चांगली नव्हती हे एक. आणि आपल्याला केव्हा बोलावणे येईल याचा काही अंदाज असला तर माणूस मनाने तयार राहतो, हे दुसरे. त्याच वर्षी १६ ऑक्टोबरला न्यूयॉर्कच्या यांकीज संघाविरुद्ध निर्णायक सामना होता. आठव्या डावात बॉस्टन ५-२ ने पुढे. पेद्रो मार्टिनेझ हा त्यांचा थोर पिचर दमलेला दिसत होता. मॅनेजर ग्रेडी लिटल त्याच्याजवळ गेले, बोलले, आणि त्याला तसाच ठेवून परतले. बुलपेनमध्ये ताजी माणसे हात गरम करून उभी होती. पेद्रोने एकूण १२३ चेंडू टाकले. तेवढ्यात बरोबरी झाली. अकराव्या डावात टिम वेकफील्डच्या पहिल्याच चेंडूवर एरन बूनने होमरन मारला. लिटल यांची नोकरी त्यानंतर राहिली नाही.

पण बॉस्टनकरांना विचाराल तर ते २००३ बद्दल नाइलाजाने आणि २००४ बद्दल न विचारता बोलतात. पुन्हा यांकीज, पुन्हा तीच फेरी. सातांपैकी तीन सामने हरलेले. त्यांतला तिसरा तर १९-८ असा. त्या रात्री बुलपेन पार धुऊन निघाली असती. पण वेकफील्ड, ज्याच्या चेंडूवर आदल्या वर्षी सारे संपले होते, तो स्वतः मॅनेजरकडे गेला. दुसऱ्या दिवशी सामन्याची सुरुवात करण्याचा मान त्याचा होता. तो सोडून तो त्या हरलेल्या सामन्यात राबायला उभा राहिला आणि दहा गडी बाद करून इतरांचे हात त्याने उद्यासाठी वाचवले.

आणि दुसऱ्या दिवशी, १७ ऑक्टोबरला, मॅनेजर टेरी फ्रँकोना यांनी अनारशांचा डबा वेळेवर उतरवला. बॉस्टन एका धावेने मागे होते. सेव्हचा प्रश्नच नव्हता. तरी त्यांनी शेवटचा खास माणूस कीथ फोक याला सातव्या डावातच आणले, कारण आज हरलो तर उद्या नाहीच, हे त्यांना कळले होते. नवव्या डावात डेव्ह रॉबर्ट्स नावाचा राखीव खेळाडू केवळ पळण्यासाठी आत पाठवला. त्याने दुसरा तळ चोरला आणि बरोबरी झाली. अकराव्यात तिन्ही तळ भरलेले असताना आला कर्टिस लेस्कॅनिक. त्याच जूनमध्ये दुसऱ्या एका संघाने त्याला काढून टाकले होते, आणि आदल्या रात्री त्याने सपाटून मार खाल्ला होता. त्याने ती कोंडी फोडली. बाराव्यात डेव्हिड ऑर्टिझने होमरन मारला. तो सगळ्यांना पाठ आहे. विजय मात्र वहीत लेस्कॅनिकच्या नावावर लागला. पुढचा सामना १४ डाव चालला, आणि शेवटचे तीन टाकून तो जिंकला वेकफील्डने. त्या वर्षी बॉस्टनने १९१८ नंतर पहिल्यांदा अजिंक्यपद मिळवले.

मला यातून एवढे समजले, की मोहरा राखायचा तो शेवटासाठी नव्हे, तर अडचणीसाठी. आणि अडचण घड्याळ पाहून येत नाही. त्याहीपेक्षा महत्त्वाचे असे, की संघाची खरी ताकद पटावरच्या पहिल्या नावात नसते. ती सव्विसाव्या नावात असते.

आणि त्या सव्विसाव्या नावापाशीच माझे आणि अमोघचे एकदा अडले.

ऑगस्टमध्ये आम्ही फेनवेला पुन्हा गेलो. त्या दिवशी लाल दाढीच्या एका तरुण पिचरने दोन डाव आणि वर एक गडी इतके सुंदर टाकले, की अमोघने टाळ्या वाजवून हात लाल केले. दुसऱ्या दिवशी सकाळी बातमी आली, की त्याला खाली वुस्टरला पाठवले. वुस्टरला रेड सॉक्सचा दुय्यम संघ खेळतो. तो चाळीसेक मैलांवरच. मोटारीने गेले की झाले.

अमोघचा चेहरा पडला. "आजोबा, त्याने चांगलं केलं ना? मग का पाठवलं?"

मी त्याला हिशेब समजावला. चाळीसच्या वर चेंडू टाकलेला माणूस दोन दिवस निरुपयोगी. पटावर जागा २६च. ज्यांना नियमाने खाली पाठवता येत नाही असे ज्येष्ठ लोक तसेच ठेवावे लागतात. याला पाठवता येते. म्हणून हा खाली, आणि वुस्टरचा ताज्या हाताचा माणूस वर. असे खाली-वर हंगामात पाच वेळा करता येते. गेला की पंधरा दिवस तरी तिकडेच, वर कोणी जायबंदी झाला तर गोष्ट वेगळी. वरच्या पटावर असेल तेवढ्याच दिवसांचा वरचा पगार. असे १७२ दिवस भरले की एक वर्षाची नोकरी धरतात.

हे सगळे मी बोलत होतो, आणि बोलता बोलता थांबलो. कारण हा प्रश्न मी स्वतः विचारला होता. याच वयात, याच शब्दांत.

आमचे वडील, दादा, परळच्या एका गिरणीत साचेखात्यात होते. होते म्हणजे, बदली होते. मुंबईच्या गिरण्यांतली ही जुनी पद्धत. बदलीवाल्याजवळ कार्ड असे. भोंग्याच्या आधी त्याने रोज गेटवर जाऊन उभे राहायचे. कायम कामगारांपैकी कोणी आला नाही तर याला आत घ्यायचे, त्याचे साचे याच्याकडे द्यायचे. सगळे आले तर हा घरी परत. भरेल त्या दिवसाचा पगार. उभे राहिल्याचा काही नाही. तिथेही वर्षाची सलग नोकरी धरायला २४० दिवसांचा हिशेब असे, आणि पुष्कळांचे ते दिवस काही ना काही कारणाने भरत नसत. दादा डबा घेऊन सकाळी निघत. कधी संध्याकाळी येत, आणि कधी मी शाळेत निघायच्या आधीच तो भरलेला डबा तसाच हातात घेऊन परत येत. मग आई काही न बोलता डबा उघडी आणि तेच जेवण आम्हां भावंडांना वाढी.

एकदा आठवडाभर त्यांना एका आजारी माणसाचे साचे मिळाले. जॉबरने कामाची तारीफ केली म्हणून शनिवारी घरी जिलबी आली. सोमवारी तो माणूस बरा होऊन आला, आणि दादा डबा घेऊन परत. मी विचारले, "दादा, तुम्ही चांगलं काम केलं होतं ना? मग आज का नाही घेतलं?"

ते म्हणाले, "साचा त्याचा होता रे. मी बंद पडू दिला नाही, एवढंच."

त्याच वर्षी शाळेत एक फॉर्म भरायचा होता. वडिलांचा व्यवसाय या रकान्यात मी 'गिरणीत नोकरी' असे लिहिले. 'बदली' हा शब्द गाळला. मास्तरांनी काही विचारले नाही, दादांनी तो फॉर्म वाचलाही नाही. नुसती सही केली. मी मात्र तो कधी विसरलो नाही. ते १९७१ साली कायम झाले, तेव्हा मी कॉलेजात होतो. आता ते नाहीत.

अमोघला मी हे सगळे सांगितले. मराठीतच सांगितले, आणि त्याला ते कळले. थोडा वेळ गप्प बसून तो म्हणाला, "आपण वुस्टरला जाऊ या?"

आम्ही गेलो. पोलर पार्क हे तिथले छोटेखानी मैदान, २०२१ साली सुरू झालेले. तिकीट स्वस्त, माणसे घरगुती. लाल दाढीवाला त्या दिवशी खेळलाच नाही. कुंपणाआड बसून होता. एकदा फोन वाजला, तो उठला, दहा-बारा चेंडू फेकले, पुन्हा बसला. अमोघने वहीत त्याचे नाव लिहिले आणि पुढे ते चेंडू मोजून लिहिले. अशी नोंद कोणी ठेवत नाही, हे त्याला ठाऊक होते.

दिवाळी आम्ही तिकडेच केली. पाडवा होऊन पाच दिवस झाले होते. २७ ऑक्टोबरच्या रात्री अजिंक्यपदाचा तिसरा सामना होता, डॉजर्स आणि टोरांटो. आमचे बॉस्टन केव्हाच बाहेर पडले होते. पण डॉजर्सचा मॅनेजर म्हणजे तोच डेव्ह रॉबर्ट्स, २००४ साली दुसरा तळ चोरणारा. सामना लांबत गेला. अमोघची दुसऱ्या दिवशी शाळा, त्याला झोपवले. जावईबापू कोचावरच कलंडले. मी एकटा, आणि समोर चिवड्याचा डबा.

रॉबर्ट्सने एकामागून एक नऊ पिचर वापरले. पंधराव्या डावाला बुलपेनमध्ये उरला होता फक्त विल क्लाइन. त्याच जूनमध्ये सिॲटलकडून घेतलेला, हंगामात खाली-वर केलेला, आणि आधीच्या फेऱ्यांत पटावरही नसलेला. त्याने चार डाव टाकले, ७२ चेंडू, धाव एकही नाही. त्याच्यामागे दोनच दिवसांपूर्वी पूर्ण सामना टाकलेला यामामोतो हात गरम करू लागला होता. म्हणजे घरात खरोखरच दुसरे कोणी नव्हते. अठराव्या डावात फ्रेडी फ्रीमनने होमरन मारला आणि सामना संपला. सहा तास एकोणचाळीस मिनिटे झाली होती.

सकाळी अमोघ डोळे चोळत आला. "आजोबा, कोण जिंकलं? कोणी मारला?"

"मारला कोणी ते मागाहून सांगतो," मी म्हटले. "आधी त्यांचा बदलीवाला कसा उभा राहिला, ते ऐक."

सौ.ने आतून अनारशांचा डबा आणून आमच्यापुढे ठेवला. अजून मऊ होते.